कोर्तेसने पाहिलेले तेनोच्तित्लान: त्याच्या वर्णनावर कितपत विसंबावे?

प्रश्न: शोधयात्री

एर्नान कोर्तेसने ३० ऑक्टोबर १५२० रोजी आपल्या राजाला, म्हणजे आदल्याच वर्षी सम्राट म्हणून निवडल्या गेलेल्या पाचव्या चार्ल्सला, लिहिलेले पत्र मी अलीकडे सबंध वाचून काढले. त्याने राजाला पाठवलेल्या पत्रांमध्ये हे दुसरे पत्र म्हणून ओळखले जाते. अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान हिचे एखाद्या युरोपीयाने प्रत्यक्ष पाहून केलेले इतके सविस्तर वर्णन त्याआधी कोणी लिहिलेले नव्हते.

वाचताना मी अक्षरशः थक्क झालो. खाऱ्या सरोवरात वसलेले, सेव्हिल किंवा कोर्दोबाएवढे मोठे शहर; तिथे जाण्यासाठी माणसांनी बांधून काढलेले, दोन भाल्यांच्या लांबीइतके रुंद बांधरस्ते; अर्धा भाग जमिनीचा आणि अर्धा पाण्याचा असलेल्या सरळ गल्ल्या, ज्यांच्या पाण्यातून होड्यांची ये-जा चालते; आणि दहा घोडेस्वार एका रांगेत जाऊ शकतील असे भक्कम लाकडी पूल. इथले लोक जवळजवळ स्पेनमधल्यासारखेच, तितक्याच शिस्तीने राहतात, असे तो स्पष्ट लिहितो. पण देवाच्या ज्ञानापासून आणि इतर सुधारलेल्या राष्ट्रांपासून इतक्या दूर असलेल्या रानटी लोकांनी हे सारे साधले याचे नवल वाटते, अशी पुस्तीही लगोलग जोडतो. त्याच पत्रात नरबळींविषयीची घृणा आहे, मूर्ती जिन्यावरून खाली लोटून दिल्याची फुशारकी आहे, आणि अ‍ॅझ्टेक सम्राट मोक्तेसुमाच्या दरबारातील रीतिरिवाजांचे बारकाईने केलेले, काही ठिकाणी तर भारावलेले वर्णन आहे.

पुढच्याच वर्षी, १३ ऑगस्ट १५२१ रोजी, याच माणसाने हे शहर वेढा घालून आणि घरे एकेक करून पाडत जिंकले. त्याचे कौतुक मनापासूनचे होते की राजाची मर्जी संपादन करण्यासाठी रचलेले होते? त्याने दिलेल्या तपशिलांपैकी कोणते खरे मानावेत आणि कोणते सावधपणे घ्यावेत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: जुनी पाने

पत्राच्या मजकुराइतकेच त्याखालच्या तारखेकडे आणि स्थळाकडे लक्ष द्यायला हवे, असे मला वाटते. कोर्तेस ८ नोव्हेंबर १५१९ रोजी तेनोच्तित्लानमध्ये शिरला आणि १५२० च्या जूनअखेरीस रात्रीच्या अंधारात, शेकडो सहकारी आणि बहुतेक सगळी लूट गमावून, त्याला तिथून पळ काढावा लागला. हे पत्र त्याने त्यानंतर चार महिन्यांनी, तेपेआका येथे वसवलेल्या सेगुरा दे ला फ्रोन्तेरा या ठाण्यावरून लिहिले. शहर त्या वेळी त्याच्या ताब्यात नव्हते. जे हातचे गेले आहे आणि जे परत मिळवण्यासाठी राजाची मान्यता हवी आहे, त्याचे हे वर्णन आहे.

दुसरी अडचण कायद्याची होती. क्यूबाचा राज्यपाल दिएगो वेलास्केस याची आज्ञा झुगारून तो १५१९ च्या फेब्रुवारीत मोहिमेवर निघाला होता, त्यामुळे वेलास्केसच्या दृष्टीने तो सरळसरळ बंडखोर ठरत होता. वेलास्केसने त्याला पकडण्यासाठी पान्फिलो दे नार्वाएसच्या हाताखाली फौजही धाडली. या परिस्थितीत आपण स्वार्थासाठी भटकणारे लुटारू नसून राजासाठी एक संपूर्ण साम्राज्य मिळवून देणारे सेवक आहोत, हे पटवून देणे त्याला भाग होते. जर्मनीच्या सम्राटपदापेक्षा कमी नाही अशा योग्यतेने आपण या प्रदेशाचेही सम्राट म्हणवून घेऊ शकता, असे तो पत्राच्या सुरुवातीलाच राजाला सुचवतो. शहर जितके मोठे, श्रीमंत आणि सुव्यवस्थित, तितकी त्याची कामगिरी मोठी आणि त्याची आज्ञाभंगाची चूक क्षम्य, असे हे गणित आहे.

म्हणून वर्णन खोटे ठरते असे मात्र मी म्हणणार नाही. उलट, राजाच्या महसुलात रस असलेल्या माणसाने लिहिल्यामुळेच त्यात इतके मोजमाप आणि इतका व्यवहारी तपशील आला आहे. कौतुक आणि हाव एकाच नजरेत असू शकतात, आणि कोर्तेसच्या बाबतीत ती तशी होती असे माझे मत आहे. त्याचा खरा अप्रामाणिकपणा वर्णनात कमी आणि मौनात जास्त आहे. नार्वाएसला तोंड देण्यासाठी तो किनाऱ्याकडे गेला असताना, १५२० च्या मे महिन्यात, त्याचा हस्तक पेद्रो दे आल्वारादो याने तोश्कात्ल या सणात नाचणाऱ्या निःशस्त्र मेशिका, म्हणजे तेनोच्तित्लानच्या अ‍ॅझ्टेक, सरदारांची मंदिराच्या आवारात कत्तल केली. शहर उठले ते त्यामुळे. या पत्रात त्या कत्तलीचा उल्लेखच नाही. शहरातील लोक उलटले, एवढेच राजाला समजते. चोलुला या शहरात झालेल्या कत्तलीविषयी तो लिहितो, दोन तासांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली असा आकडाही देतो, कारण तिचे समर्थन त्याला करता येते. आल्वारादोच्या कृत्याचे समर्थन अवघड होते, म्हणून ते गाळले.

ज्या दुभाष्या बाईमुळे हा सगळा संवाद शक्य झाला, तिचाही या पत्रात नावाने उल्लेख नाही. या देशातील एक स्त्री, एवढ्यावरच मालिन्त्सिनची बोळवण केली आहे.

प्रतिसाद: जललेखा

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. बाजार आणि पाणी या दोन विषयांवर मात्र कोर्तेसला मी बराच विश्वासार्ह साक्षीदार मानते, आणि का ते थोडे विस्ताराने लिहिते.

शहरात अनेक चौक आणि रोजचे बाजार आहेत असे सांगून तो एका मोठ्या चौकाकडे वळतो. सभोवती कमानींचे ओटे असलेला हा चौक सालामान्का शहराच्या दुप्पट आहे आणि तिथे दररोज साठ हजारांहून अधिक माणसे खरेदी-विक्रीसाठी जमतात, असे त्याचे म्हणणे. हा त्लातेलोल्कोचा बाजार होय. त्लातेलोल्को हे त्याच बेटावरचे शेजारचे नगर १४७३ मध्ये मोक्तेसुमाचा बाप आशायाकात्ल याने जिंकून राजधानीला जोडले होते. साठ हजारांचा आकडा कोणी मोजून काढलेला नव्हता, तेव्हा तो अंदाज म्हणूनच घ्यावा. पण त्यानंतर येणारी मालाची यादी घाईघाईने लिहिलेली नाही. सोने, चांदी, शिसे, तांबे, कथील. हाडे, शिंपले, पिसे. शिकारीच्या पाखरांची वेगळी गल्ली, औषधी मुळ्या आणि पाल्याची वेगळी गल्ली. तयार काढे आणि मलमे विकणारी दुकाने. डोके धुऊन हजामत करून देणारे न्हावी. भाड्याने ओझी वाहणारे हमाल. सरपण, कोळसा, शेगड्या, चटया. मध, मेण आणि मक्याच्या ताटांपासून काढलेला पाक. सर्व रंगांच्या सुताच्या लडी, ज्या पाहून त्याला ग्रानादाचा रेशीमबाजार आठवतो, फक्त इथला माल कितीतरी अधिक आहे. प्रत्येक प्रकारचा माल त्याच्या ठरलेल्या गल्लीतच विकला जातो आणि दुसरा माल त्यात मिसळू देत नाहीत, हेही तो टिपतो.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे निरीक्षण. सगळे काही नगावर किंवा मापाने विकले जाते, वजन करून काही विकताना आजवर दिसले नाही, असे तो लिहितो. चौकातच एक मोठी इमारत आहे, तिथे दहा-बारा माणसे न्यायाधीश म्हणून बसतात आणि बाजारात उद्भवणारे सर्व तंटे मिटवून अपराध्यांना शिक्षा फर्मावतात. शिवाय काही माणसे सतत लोकांमध्ये फिरून काय विकले जाते आणि कोणत्या मापाने विकले जाते ते पाहत असतात, आणि त्यांनी खोटी मापे फोडून टाकल्याचे पाहण्यात आले आहे. असा तपशील राजावर छाप पाडण्यासाठी बसून रचावा लागत नाही. तो बाजारात उभे राहिल्यावरच सुचतो.

याला पूरक पुरावा दुसऱ्या बाजूनेही मिळतो. फ्रान्सिस्कन मठवासी बेर्नार्दिनो दे साआगुन याने पुढे अनेक वर्षे नाहुआ, म्हणजे अ‍ॅझ्टेकांची नाहुआत्ल भाषा बोलणाऱ्या, वृद्धांना विचारून आणि त्यांच्याच भाषेत लिहून घेऊन जो प्रचंड मजकूर जमवला, त्यात बाजारावर देखरेख करणारे अधिकारी आहेत, मालानुसार विभागलेल्या जागा आहेत आणि लबाड विक्रेत्यांची वर्णनेही आहेत. काकाओच्या (कोकोच्या) बिया तिथे चलन म्हणून वापरल्या जात, त्यामुळे त्यांची नक्कल करणारेही होते: राजगिऱ्याच्या जातीच्या दाण्यांची कणीक, मेण किंवा आव्होकाडोची कोय वापरून खोट्या बिया तयार करून त्या खऱ्यांत मिसळणारा विक्रेता तिथे जिवंतपणे रंगवला आहे. खोटी माल-मापे पकडणाऱ्या माणसांची त्या बाजाराला गरज का होती, ते यावरून कळते.

आता पाणी. सरोवर खारे असल्याने गोडे पाणी किनाऱ्यावरील चापुल्तेपेकच्या झऱ्यांवरून आणावे लागे. कोर्तेस सांगतो की बांधरस्त्याच्या कडेने दोन पाट बांधले आहेत, प्रत्येक दोन पावले रुंद आणि साधारण पुरुषभर उंच. एकातून माणसाच्या देहाएवढी जाड, उत्तम गोड्या पाण्याची धार शहराच्या मध्यापर्यंत जाते आणि दुसरा रिकामा ठेवलेला असतो, कारण पहिला साफ करायची वेळ आली की पाणी दुसऱ्यातून सोडतात. जिथे खाऱ्या पाण्याचे आडवे कालवे येतात, तिथे पुलांवरून बैलाएवढ्या जाड नळांतून हे पाणी पलीकडे नेले जाते. पुलाखाली होड्या उभ्या करतात, वर थांबलेली माणसे त्यांत पाणी भरतात आणि त्याचे पैसे घेतात, मग ते शहरभर विकले जाते. दुरुस्तीसाठी पर्यायी पाट राखून ठेवण्याची ही तजवीज त्या काळी किती शहरांत होती, याचा विचार केला म्हणजे कोर्तेसला ती नोंदवावीशी का वाटली हे उमजते.

मात्र एक विसरू नये. ज्याने हे पाट इतक्या काळजीने पाहिले, त्यालाच शहराची नस कुठे आहे हे कळले होते. १५२१ च्या मे महिन्यात वेढा सुरू करताना त्याच्या माणसांनी, आल्वारादो आणि ओलिद यांच्या तुकड्यांनी, सर्वप्रथम जी कामे केली त्यांत चापुल्तेपेकचा हा पाणीपुरवठा तोडणे हे एक होते.

प्रतिसाद: उत्खनन

बाजाराबाबत कोर्तेसवर भरवसा ठेवता येतो हे मान्य. मंदिरांपाशी येताच त्याच्या लेखणीला वेगळे वळण लागते.

मुख्य मंदिराच्या तटबंदीच्या आत पाचशे घरांचे गाव सहज मावेल, आत चाळीसेक उंच मनोरे आहेत आणि त्यांतला मुख्य मनोरा सेव्हिलच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याहून उंच आहे, असे तो लिहितो. आज ज्याला तेम्प्लो मायोर म्हणतात त्या मुख्य पिरॅमिडची उंची अभ्यासक सुमारे ४५ मीटर धरतात, त्यामुळे सेव्हिलशी केलेली तुलना अतिशयोक्तीचीच म्हणावी लागेल. बांधणीच्या दर्जाविषयी तो जे म्हणतो ते वेगळे: दगडी आणि लाकडी काम इतके उत्कृष्ट आहे की याहून चांगले कुठेही होणार नाही. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी मेक्सिको शहरात वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना कोयोल्शाउकी देवतेची भली मोठी कोरीव शिळा सापडली आणि एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन सुरू झाले. ती शिळा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कोर्तेसचे हे वाक्य वाढवून सांगितलेले वाटणार नाही.

मूर्तींच्या प्रसंगाबद्दल तर तीन स्पॅनिश साक्षीदारांचे तीन पाठ आहेत. कोर्तेसच्या सांगण्यानुसार त्याने मुख्य मूर्ती आसनावरून उपटून जिन्यावरून खाली लोटल्या, रक्ताने माखलेले गाभारे धुऊन घेतले आणि तिथे मेरी व संतांच्या प्रतिमा बसवल्या; मोक्तेसुमाने आधी विरोध केला पण शेवटी मान तुकवली. त्याचा सैनिक आन्द्रेस दे तापिया लिहितो की कोर्तेसने संतापाच्या भरात लोखंडी पहार घेऊन मूर्तींवर घाव घातले. बेर्नाल दियास, जो स्वतः त्या मोहिमेत होता पण ज्याने अनेक दशकांनंतर लिहिले, त्याच्या कथनात मोक्तेसुमाने पुजाऱ्यांशी बोलून, नाइलाजाने, वर एक वेदी आणि क्रूस ठेवण्यापुरती जागा दिली. तिघांपैकी कोर्तेसचाच पाठ राजाला सर्वाधिक रुचेल असा आहे, आणि एवढे कारण मला सावध होण्यास पुरेसे वाटते. चारशे-पाचशे परके लोक लाखांच्या आसपासच्या शहरात मुख्य देवतेची मूर्ती फेकून देतात आणि महिनोन्‌महिने सुखरूप राहतात, हे पटणे कठीण आहे.

नरबळी मात्र विजेत्यांनी रचलेली कल्पना होती, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. २०१५ मध्ये मंदिराच्या परिसरातच, ग्वातेमाला रस्त्यावरील एका जुन्या घराखाली, कवट्यांच्या प्रसिद्ध मांडणीचे, म्हणजे वेई त्सोम्पान्त्लीचे, अवशेष मिळाले. चुन्यात बसवलेल्या कवट्यांचा गोलाकार मनोरा तिथे आहे. २०२० च्या अखेरीपर्यंत त्यात ६०३ कवट्या नोंदवल्या गेल्या आणि त्यांत स्त्रिया व मुलेही आहेत. तापियाने या मांडणीत एक लाख छत्तीस हजार कवट्या असल्याचा हिशेब दिला होता. तो आकडा फुगवलेला आहे असेच बहुतेक अभ्यासक मानतात, पण मांडणी होती, मनोरा होता आणि तो कवट्यांचा होता, इतके आता जमिनीतून बाहेर आले आहे.

पुन्हा प्रश्न: शोधयात्री

तिन्ही प्रतिसाद फार उपयोगी आहेत, मनापासून आभार. राजदरबाराविषयी अजून विचारावेसे वाटते. मोक्तेसुमा दिवसातून चार वेळा नवी वस्त्रे नेसतो आणि ती पुन्हा वापरत नाही, त्याच्या प्रत्येक ताटाखाली अन्न गरम ठेवायला शेगडी असते, सरदार अनवाणी आणि नजर खाली ठेवून आत येतात, हे सर्व पत्रात आहे. आणि तोच सम्राट पहिल्याच भेटीत आपले राज्य परक्या राजाच्या स्वाधीन करतो, असेही आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या?

प्रतिसाद: जुनी पाने

त्या बसत नाहीत, आणि याचे कारण त्या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. वस्त्रे, ताटे, शेगड्या, हात पुसायचे पुन्हा न वापरले जाणारे रुमाल, पाणपक्ष्यांसाठी खारी आणि गोडी अशी दहा तळी, त्या पक्ष्यांची निगा राखणारी तीनशे माणसे आणि केवळ मासेखाऊ पक्ष्यांना रोज दिली जाणारी दहा आरोबा, म्हणजे सुमारे ११५ किलो मासळी: हे कोर्तेसने पाहिले किंवा तिथल्या माणसांकडून ऐकले. राजवाड्यात महिनोन्‌महिने राहिलेल्या माणसाला ते ठाऊक असणारच. पहिल्या भेटीत तो मोक्तेसुमाला आलिंगन द्यायला पुढे झाला तेव्हा दोन सरदारांनी हात आडवे करून त्याला थोपवले, हे तो स्वतःच लिहितो. त्या सम्राटाला स्पर्श करण्याचीही कोणाला मुभा नव्हती.

शरणागतीचे भाषण ही वेगळी गोष्ट आहे. आपले पूर्वज परदेशातून आले, त्यांना आणणारा स्वामी परत गेला, त्याचे वंशज एक दिवस येऊन ही भूमी ताब्यात घेतील असे आम्ही मानत आलो, आणि तुमचा राजा तोच असावा, असा त्या भाषणाचा आशय आहे. अनेक इतिहासकार हे भाषण आहे तसे स्वीकारत नाहीत, आणि मीही स्वीकारत नाही. एक तर ते नाहुआत्लमधून मालिन्त्सिनमार्फत, आणि तिच्याबरोबर माया भाषा जाणणाऱ्या आगिलार या स्पॅनिश माणसामार्फत, कोर्तेसपर्यंत पोहोचत होते. दुसरे म्हणजे नाहुआ दरबारी शिष्टाचारात यजमानाने पाहुण्यापुढे अतिनम्र भाषा वापरणे ही रीतच होती. हे घर आपलेच आहे असे म्हणणारा घर देऊन टाकत नसतो. तिसरे कारण सर्वांत वजनदार आहे: मोक्तेसुमाने स्वखुशीने सत्ता दिली असे एकदा मान्य झाले, की नंतर शस्त्र उचलणारे सगळे मेशिका स्पॅनिश राजाचे बंडखोर प्रजाजन ठरतात आणि कोर्तेसचे पुढचे युद्ध न्याय्य होते. कायद्याचे थोडेफार शिक्षण असलेल्या माणसाने हे भाषण लिहिले आहे, हे विसरता कामा नये.

पत्र १५२२ मध्ये सेव्हिलला छापले गेले. १५२४ मध्ये न्युरेम्बर्ग येथे त्याची लॅटिन आवृत्ती निघाली, तीत सरोवरातल्या शहराचा नकाशा जोडलेला होता. मधोमध मंदिराचे आवार, कवट्यांच्या मांडण्या आणि शीर नसलेली एक मूर्ती, भोवती दाटीवाटीची घरे, आणि सरोवराच्या काठावर हाब्सबर्ग, म्हणजे पाचव्या चार्ल्सच्या, घराण्याचे निशाण. युरोपच्या डोळ्यांपुढे तेनोच्तित्लान या नकाशातून उभे राहिले तेव्हा ते शहर जमीनदोस्त होऊन तीन वर्षे होत आली होती.

शोधयात्री यांनी यानंतर तिसरे आणि चौथे पत्र जरूर वाचावे. तिसऱ्यात वेढ्याची हकिगत आहे आणि जगातली सर्वांत सुंदर गोष्ट आपल्याला नष्ट करावी लागल्याचे दुःखही तो त्यात व्यक्त करतो. त्या दुःखावर कितपत विश्वास ठेवायचा ते ज्याचे त्याने ठरवावे. चौथे पत्र १५ ऑक्टोबर १५२४ चे आहे. जुन्या शहराच्याच जागी स्थानिकांच्या श्रमातून उभ्या राहत असलेल्या नव्या शहराची माहिती त्यात आहे, आणि तिथल्या बाजारांत व व्यवहारांत पूर्वी असायची तीच व्यवस्था आजही पाळली जाते, असे कोर्तेसने राजाला कळवले आहे.